अ‍ॅपमध्ये गेमिफिकेशन: आधी काय ठरवायचं आणि पॉइंट-बॅज कधी लावायचे

अ‍ॅपवर लोक टिकत नाहीत असं दिसलं की बहुतेक टीममध्ये एकच ठराव पास होतो: पॉइंट देऊ, बॅज देऊ, जमलं तर एक लीडरबोर्ड (कोण कितव्या क्रमांकावर ते दाखवणारी यादी) टाकू. खेळातल्या अशा गोष्टी अ‍ॅपमध्ये आणणं म्हणजेच गेमिफिकेशन. दोन स्प्रिंटमध्ये, म्हणजे कामाच्या दोन छोट्या फेऱ्यांमध्ये, काम उरकतं. पहिले पंधरा दिवस आलेख चढतो, सगळे खूश. तिसऱ्या महिन्यात आकडा पुन्हा होता तिथे येतो. वर पॉइंटांचा हिशेब सांभाळायचं आणि ‘माझे पॉइंट कुठे गेले’ या तक्रारींना उत्तरं द्यायचं काम कायमचं गळ्यात पडतं.

बऱ्याचदा इथे क्रम चुकलेला असतो. काय लावायचं ते आधी ठरतं, कशासाठी ते मागाहून शोधलं जातं. खाली दिलेल्या क्रमात पॉइंट-बॅज चौथ्या टप्प्यावर येतात आणि तोवर त्यांचं नावही काढायचं नाही. हा क्रम लहान टीम डोळ्यांसमोर ठेवून लिहिला आहे: प्रॉडक्ट बघणारा एक जण, एक डिझायनर, दोन-तीन डेव्हलपर.

उदाहरणासाठी एक काल्पनिक अ‍ॅप धरू: किराणा दुकानदारांसाठी मोबाइलवरची उधारीची वही. गिऱ्हाइकाचं नाव टाकायचं, उधारी लिहायची, पैसे आले की वजा करायचे, बस.

## पूर्वतयारी

तीन गोष्टी हातात नसतील तर पुढे जाऊ नका.

पहिली, नोंदी. कोण कधी आला, त्याने काय केलं, कुठे थांबला, हे व्यक्तीगणिक दिसलं पाहिजे. ‘एकूण डाउनलोड’ आणि ‘आजचे युजर’ एवढ्यावर भागत नाही. एकाच आठवड्यात आलेल्यांचा गट करून तो पुढच्या आठवड्यांत किती उरतो, हा कोहॉर्टचा तक्ता हवा.

दुसरी, सोडून गेलेल्या आठ-दहा लोकांशी फोनवर बोलणं. टिकलेल्यांशी बोलायला सगळ्यांनाच आवडतं, कारण ते गोड बोलतात. खरी माहिती गेलेल्यांकडे असते. ‘का सोडलंत?’ असं थेट विचारलं तर ‘वेळ मिळाला नाही’ एवढंच हाती लागतं. ‘शेवटचं उघडलंत तेव्हा काय करायचं होतं?’ असं विचारा, मग माणूस बोलायला लागतो.

तिसरी, गेमिफिकेशन चाललं नाही तर ते बंद करण्याचा अधिकार कोणाचा, हे आधी ठरवून ठेवणं. नंतर कोणालाच आपलं फीचर मारवत नाही.

## टप्पा १: गळती नेमकी कुठे आहे ते शोधा

समजा १०० दुकानदारांनी अ‍ॅप उतरवलं. ६० जणांनी पहिलं गिऱ्हाईक टाकलं, ३५ जणांनी पहिली उधारी लिहिली आणि महिन्याभराने १२ जण उरले. मीटिंगमध्ये सगळी चर्चा त्या १२ आकड्यावर होते. खरं तर ६५ जण वहीत एक ओळही न लिहिता गेलेत. त्यांना बॅज द्यायचा तरी कशाबद्दल?

जाणारे लोक साधारण तीन प्रकारचे असतात:

1. ज्यांना अ‍ॅपचा उपयोग कळलाच नाही किंवा पहिल्या स्क्रीनवरच अडले.
2. ज्यांचं काम झालं. आयकर विवरणपत्र भरणारा माणूस वर्षातून एकदा येणार. तो ऑगस्टमध्ये आला नाही म्हणून घाबरायचं कारण नाही.
3. ज्यांची गरज अजून आहे, उपयोगही पटलाय, पण सवय लागत नाही. आठवडाभर नीट लिहितात, मग राहून जातं, मग एकदम १५ दिवसांचं साचतं आणि वही सुटते.

गेमिफिकेशनचा उपयोग तिसऱ्या प्रकारापुरता. पहिल्या प्रकारासाठी फॉर्म लहान करा, मराठी नीट करा, नाव टाइप करायला लावण्याऐवजी फोनबुकमधून उचलू द्या. दुसऱ्या प्रकाराला सुखाने जाऊ द्या आणि पुढच्या वर्षी वेळेवर आठवण करा.

तपासा: तिसऱ्या प्रकारचे लोक गेलेल्यांपैकी निम्मेही नसतील तर हा लेख बाजूला ठेवून ऑनबोर्डिंग (नव्या युजरचे पहिले काही स्क्रीन) दुरुस्त करा. त्यातून मिळणारा फायदा कुठल्याही बॅजपेक्षा मोठा असेल.

## टप्पा २: एकच कृती निवडा, आणि तिची लय ओळखा

कोणत्या कृतीची सवय लागावी असं तुम्हाला वाटतं? उत्तर ‘अ‍ॅप उघडणं’ असेल तर पुन्हा विचार करा. उघडणं ही तुमच्या डॅशबोर्डची गरज आहे. दुकानदाराची गरज दिवसाची उधारी लिहून होणं ही आहे. ज्या कृतीनंतर युजरच्या पदरात खरंच काही पडतं, तीच निवडा आणि एकच निवडा.

मग तिची लय बघा. इथे सगळ्यात जास्त चुका होतात, कारण परदेशी अ‍ॅप पाहून ‘रोज’ हे माप सरसकट उचललं जातं. आपला दुकानदार उधारी लिहितो ती दुपारच्या सवडीत किंवा रात्री गल्ला मोजून शटर ओढायच्या आधी. वसुली मात्र महिन्याच्या पहिल्या आठवड्यात होते, लोकांचे पगार झाल्यावर. म्हणजे एकाच वहीत दोन लयी आहेत. त्यात बाजारपेठेचा आठवडी बंद असतो: कुठे सोमवारी, कुठे गुरुवारी. तुम्ही रोजची स्ट्रीक (सलग किती दिवस काम केलं याची मोजणी) लावलीत तर प्रामाणिक दुकानदाराची स्ट्रीक दर आठवड्याला न चुकता तुटणार. गणपतीत कोकणातल्या गावी गेलेला माणूस रेंज नसताना पाच दिवस काय लिहिणार?

तपासा: सध्या टिकून असलेल्या, कोणतंही बक्षीस न घेता वापरणाऱ्या लोकांच्या नोंदी काढा. ते आठवड्यातून किती दिवस ती कृती करतात? तीच नैसर्गिक लय. तुमचं उद्दिष्ट तिच्या आसपास असू द्या. आठवड्यात चार दिवस लिहिणाऱ्याला सात दिवस लिहायला लावलंत तर उरलेल्या तीन दिवसांत तो पाट्या टाकणार.

## टप्पा ३: माणूस हे काम का करतो ते लिहून काढा

एडवर्ड डेसी आणि रिचर्ड रायन या मानसशास्त्रज्ञांची मांडणी या कामाला पुरेशी आहे. माणसाची आतली प्रेरणा तीन गोष्टींवर पोसली जाते: निर्णय आपल्या हातात असणं, आपल्याला हे जमतंय असं वाटणं, आणि आपल्या माणसांशी जोडलेलं असणं. तुमची कृती यांतल्या कशाशी जोडलेली आहे, ते एका वाक्यात लिहा. उधारीच्या वहीचं वाक्य असं होईल: ‘कोणाकडे किती अडकलेत हे मला तोंडपाठ नसलं तरी बरोबर माहीत आहे, आणि पैसे परत येतायत.’ म्हणजे दुसरी गोष्ट, जमणं. शेजारच्या दुकानदाराशी स्पर्धा यात कुठेच नाही.

हे आधी लिहायचं कारण असं की बक्षीस प्रेरणा वाढवतंच असं नाही, कधीकधी ते आहे ती प्रेरणा खाऊन टाकतं. मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट यांचा १९७३ चा प्रयोग यासाठी आजही वाचण्याजोगा आहे. स्टॅनफर्डच्या बालवाडीत मुळातच चित्रं काढायची आवड असलेली मुलं त्यांनी निवडली. काहींना आधीच सांगितलं की चित्र काढलंत तर प्रशस्तिपत्र मिळेल. काहींना न सांगता दिलं. काहींना काहीच नाही. पुढे मोकळ्या वेळात पहिल्या गटातली मुलं बाकीच्यांच्या साधारण निम्मा वेळच चित्रं काढत बसली. अनपेक्षित प्रशस्तिपत्र मिळालेल्यांची आवड मात्र कमी झाली नाही.

अ‍ॅपसाठी यातून निघणारा नियम साधा आहे. ‘हे केलंस तर ते देईन’ असा सौदा लोकांना आवडणाऱ्या कामावर लावू नका. काम झाल्यावर ‘बघा, एवढं झालं’ हे दाखवायला हरकत नाही.

इशारा: युजरचे ‘खेळाडू प्रकार’ पाडणारे चौकोनी तक्ते या टप्प्यावर हमखास बाहेर येतात. रिचर्ड बार्टल यांची ती वर्गवारी मजकुरावर चालणाऱ्या ऑनलाइन खेळांतल्या खेळाडूंसाठी होती. उधारी लिहिणाऱ्या माणसाला ‘अचीव्हर’ की ‘एक्स्प्लोरर’ ठरवत बसण्यात दुपार वाया जाते.

## टप्पा ४: आता साधन निवडा

एका वेळी एकच साधन. दोन एकदम लावलीत तर कशाने काय झालं ते कधीच कळणार नाही.

### प्रगतीची पट्टी

सगळ्यात कमी धोक्याचं आणि सगळ्यात दुर्लक्षित साधन. जोसेफ न्यून्स आणि झेवियर ड्रेझ यांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेला गाडी धुण्याच्या कार्डाचा प्रयोग इथे उपयोगी पडतो. निम्म्या गिऱ्हाइकांना आठ शिक्क्यांचं कोरं कार्ड दिलं, निम्म्यांना दहा शिक्क्यांचं, पण दोन शिक्के आधीच मारलेलं. दोघांनाही आठ वेळाच गाडी धुवायची होती. कोरं कार्ड १९ टक्के लोकांनी पूर्ण केलं, दोन शिक्केवालं ३४ टक्के लोकांनी.

म्हणून पट्टी शून्यावरून सुरू करू नका. मात्र थाप मारू नका. दुकानदाराने नंबर पडताळला, दुकानाचं नाव टाकलं, हे खरंच झालेलं काम आहे. ते पट्टीत धरा: ‘वही तयार होतेय, पाचपैकी दोन पायऱ्या झाल्या.’

पट्टी पूर्ण झाल्यावर काय, हेही आताच ठरवा. भरलेली पट्टी सहा महिने स्क्रीनवर लोंबकळत ठेवण्यात अर्थ नाही. तिची जागा खऱ्या कामाच्या आकड्याने घ्यावी: ‘या महिन्यात उधारीतले ₹१८,४०० परत आले.’ असा आकडा असेल तर ‘४५० पॉइंट’ची गरजच उरत नाही. कोणत्याही अ‍ॅपमध्ये पॉइंट लावण्याआधी मी हाच प्रश्न विचारेन: युजरला आधीपासून प्रिय असलेला असा आकडा तुमच्याकडे पडून आहे का? बहुतेकदा असतो, फक्त तो रिपोर्टच्या तिसऱ्या टॅबमध्ये पुरलेला असतो.

### स्ट्रीक

जोरदार साधन आहे, आणि म्हणूनच जपून वापरायचं. स्ट्रीकचा जोर मिळवण्याच्या आनंदात कमी आणि गमावण्याच्या भीतीत जास्त असतो. पाच दिवसांची तुटली तर कोणी हळहळत नाही. दोनशे दिवसांची तुटली की माणूस चिडतो, आणि ‘आता गेलीच, तर जाऊ दे’ म्हणून अ‍ॅपच सोडतो. म्हणजे तुमचा सगळ्यात निष्ठावान युजर गमावण्याची तारीख तुम्हीच ठरवून ठेवलेली असते.

प्रोग्रामर आपला कोड जिथे ठेवतात त्या गिटहबच्या प्रोफाइलवर सलग किती दिवस काम केलं ते दिसायचं. मे २०१६ मध्ये गाजावाजा न करता ते काढलं गेलं. पुढे संशोधकांनी आधीच्या-नंतरच्या नोंदी तपासल्या, तेव्हा लांबलचक सलग दिवस कमी झालेले दिसले, आणि सुट्टीच्या दिवशीचं कामही. एक आकडा दिसतो म्हणून लोक शनिवार-रविवार कोड टाकत होते. तुमच्या अ‍ॅपमुळे युजरच्या आयुष्यात असं काही व्हावं का, याचं उत्तर तुम्हीच द्यायचं आहे.

स्ट्रीक लावायचीच असेल तर या चार गोष्टींसकट लावा:

- एकक आठवड्याचं ठेवा. ‘या आठवड्यात चार दिवस वही लिहिली’ एवढं पुरे.
- सुट्टी युजरला ठरवू द्या. दुकानाचा बंद वार एकदाच विचारा आणि तो दिवस मोजणीतून वगळा.
- दांडी माफ करण्याची सोय पहिल्या दिवसापासून असू द्या. भाषा शिकवणाऱ्या ड्युओलिंगो अ‍ॅपमध्ये ‘स्ट्रीक फ्रीझ’ आहे ते याचसाठी. ही माफी पैसे घेऊन विकण्याचा मोह होईल. आधी भीती निर्माण करायची आणि मग सुटका विकायची, हा धंदा लोकांना फार लवकर कळतो.
- तुटल्यावर शून्य दाखवू नका. ‘एकूण ३१ आठवडे’ हा आकडा कधीच कमी होत नाही, तो वर ठेवा. सलगचा आकडा खाली, लहान.

तपासा: नेटवर्क नसताना लिहिलेली नोंद त्या दिवसाच्या खात्यात पडते का? रात्री ११:५० ला लिहिलेली नोंद १२:१० ला सर्व्हरवर पोहोचली तर कोणत्या दिवसाची धरता? दुबईतल्या युजरची मध्यरात्र कोणती? स्ट्रीकबद्दलच्या तक्रारी बहुतांशी इथूनच येतात.

### बॅज

बॅजचा परिणाम खरा असतो, पण कधी आणि किती काळ, ते बघावं लागतं. २०१३ मध्ये अँडरसन, हटेनलॉकर, क्लाइनबर्ग आणि लेस्कोवेक यांनी स्टॅक ओव्हरफ्लो या प्रोग्रामरांच्या प्रश्नोत्तरांच्या साइटवरच्या बॅजचा अभ्यास प्रसिद्ध केला. बॅज जवळ येऊ लागला की लोक ती कृती वाढवतात, आणि हातात पडल्यावर वेग उतरतो. तर बॅज डिझाइन करताना एकच प्रश्न महत्त्वाचा: मिळाल्याच्या दुसऱ्या दिवशी माणसाने काय करावं?

बॅज थोडे ठेवा. प्रत्येक बॅज काहीतरी अवघड पण उपयोगी केल्याचा असावा. ‘पहिलं लॉगिन’ याचा बॅज देऊ नका. ते दिल्याने बाकीच्या बॅजची किंमत उतरते. ‘सहा महिन्यांपूर्वीची उधारी वसूल’ हा बॅज मात्र कुठलाही दुकानदार बायकोला दाखवेल.

### लीडरबोर्ड

माझं मत विचाराल तर दहापैकी आठ अ‍ॅपमध्ये लीडरबोर्ड नको. पहिल्या पाचांना तो सुखावतो, आणि ते पाच जण तसेही टिकणार होते. चार हजार दोनशेव्या क्रमांकावरच्या माणसाला तुम्ही फक्त त्याचा क्रमांक सांगता.

उधारीच्या अ‍ॅपमध्ये तर तो आत्मघातच. बाजारात कोणाची किती उधारी थकलीय, कोणाची वसुली किती, ही माहिती दुकानदार सख्ख्या भावालाही देत नाही. नाव झाकून दिलीत तरी एका गल्लीत तीन दुकानं असताना नाव ओळखायला किती वेळ लागतो?

जिथे स्पर्धा मुळातच आहे, तिथे (व्यायाम, भाषा शिकणं, स्पर्धा परीक्षेचा सराव) लीडरबोर्ड लहान गटाचा आणि कमी मुदतीचा ठेवा. ड्युओलिंगोच्या लीगमध्ये साधारण ३० जणांचा गट असतो आणि दर आठवड्याला पाटी कोरी होते, त्यामुळे नव्या माणसालाही संधी राहते. त्याचा तोटाही तिथेच दिसतो: लीग टिकवण्यासाठी लोक सोपे धडे पुन्हा पुन्हा गिरवतात. पॉइंट वाढतात, भाषा पुढे जात नाही.

इशारा: कर्मचाऱ्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये लीडरबोर्ड लावताना दहादा विचार करा. कॅलिफोर्नियातल्या अनाहाइममध्ये डिस्नेच्या हॉटेलांच्या लाँड्रीत कामाचा वेग नावानिशी पडद्यावर दाखवायला सुरुवात झाली. कामगारांनी त्या व्यवस्थेला ‘इलेक्ट्रॉनिक चाबूक’ म्हटलं, आणि २०११ मध्ये ते वर्तमानपत्रात छापून आलं. ज्या खेळातून बाहेर पडता येत नाही, त्याला युजर खेळ मानत नाही.

### पैसे आणि स्क्रॅच कार्ड

गुगल पेने २०१९ च्या दिवाळीत पाच स्टॅम्प जमवायला लावले होते: दिया, झुमका, फूल, कंदील आणि रांगोळी. पाचही जमले की ₹२५१. रांगोळी काही केल्या मिळेना, आणि लोक ओळखीपाळखीत ‘रांगोळी आहे का कोणाकडे’ विचारत फिरत होते. मोहीम म्हणून जबरदस्त. पण नीट बघा: ती सणापुरती होती, तिला शेवट होता, आणि ज्या कृतीवर ती लावली होती ती, म्हणजे पैसे पाठवणं, लोकांना तसंही हवी होती.

हेच स्क्रॅच कार्ड वर्षभर चालवलंत तर ‘बेटर लक नेक्स्ट टाइम’ वाचून वाचून माणूस ते न उघडताच सोडून देतो. पैशाचं बक्षीस नवी कृती पहिल्यांदा करून बघायला लावण्यासाठी वापरा, सवय टिकवण्यासाठी नको. आणि बक्षीस बंद करायची तारीख सुरुवातीलाच जाहीर करा.

पैशाच्या व्यवहारांवर जल्लोष लावायच्या आधी शेअर खरेदी-विक्रीच्या रॉबिनहूड या अमेरिकी अ‍ॅपचं उदाहरण वाचा. शेअर घेतल्यावर स्क्रीनवर रंगीत कागद उधळणारं ते अ‍ॅनिमेशन मोठ्या टीकेनंतर २०२१ मध्ये त्यांना काढावं लागलं. कर्ज, ट्रेडिंग, विमा या ठिकाणी युजरने थांबून विचार करणं त्याच्या हिताचं असतं. तिथे घाई करायला लावणारं काहीच लावू नका.

## टप्पा ५: बाहेर काढण्याआधी स्वतः लबाडी करून बघा

अर्धा दिवस काढा. टीममधल्या प्रत्येकाने एकच काम करायचं: कमीत कमी कष्टात जास्तीत जास्त पॉइंट, बॅज किंवा स्ट्रीक मिळवायची. अ‍ॅपचा मूळ उपयोग गेला खड्ड्यात.

उधारीच्या वहीत पहिल्या पाच मिनिटांत काय होईल ते सांगतो. ‘टेस्ट’ नावाचं गिऱ्हाईक, रोज ₹१ ची उधारी, लगेच ₹१ जमा. स्ट्रीक चालू, वसुली शंभर टक्के. हे फक्त लबाड लोक करतील असं समजू नका. ज्या दिवशी खरोखर एकही उधारी दिली नाही, त्या दिवशी प्रामाणिक दुकानदारही स्ट्रीक वाचवायला ₹१ लिहील. मग महिनाअखेरीस वहीतला हिशेब आणि गल्ला जुळत नाही. आता तुमच्या खेळाने त्याची वहीच बिघडवली.

यावर पकडापकडीचे नियम लावणं हा शेवटचा उपाय. आधी नियमच असा बदला की लबाडीची गरज पडू नये. इथे ‘आज उधारी नाही’ असं एक बटण दिलं की प्रश्न मिटतो. दुकानदाराने वही पाहिली, दिवस मिटवला. हवी ती कृती झालीच की!

तपासा: सापडलेली प्रत्येक पळवाट लिहा आणि पुढे विचारा: हजार लोकांनी असं केलं तर कोणाचं नुकसान? युजरचंच होत असेल तर ती बुजवल्याशिवाय पुढे जायचं नाही. फक्त तुमच्या आकड्यांचं होत असेल तर तूर्त चालेल.

## टप्पा ६: शब्द आणि नोटिफिकेशन

इतकं करूनही एका वाईट वाक्याने काम बिघडतं. ‘तुमची ४२ दिवसांची स्ट्रीक तुटली!’ आणि ‘काल दुकान बंद होतं का? आजपासून पुढे लिहा’ यांत फरक किती आहे बघा. पहिल्यात ठपका आहे, दुसऱ्यात वाट. पंचावन्न वर्षांच्या शेटजींना ‘भारी! तू जिंकलास’ म्हणू नका. ‘तुम्ही’ म्हणा आणि उद्गारचिन्हं जपून वापरा.

नोटिफिकेशनची वेळ कृतीच्या लयीवरून ठरवा. सकाळी दहाला दुकानात गर्दी असते. रात्री नऊला, हिशेबाच्या वेळी, एकच पाठवा. सलग तीन दुर्लक्षित झाली तर आपणहून थांबा.

कायद्याची बाजूही आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी डार्क पॅटर्नविरोधी (म्हणजे युजरला फसवून हवं ते करायला लावणाऱ्या रचनांविरोधी) मार्गदर्शक तत्त्वं काढली आणि १३ प्रकार नावानिशी सांगितले. खोटी घाई, नकार देणाऱ्याला लाजवणं आणि सतत टोचत राहणं हे त्यात आहेत. ‘फक्त १० मिनिटं उरली’ असं खोटं घड्याळ किंवा ‘नको, मला प्रगती करायची नाही’ असं लिहिलेलं बटण या दोन्ही गोष्टी तिथे अडकतात. युजर १८ वर्षांखालचे असतील तर डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, २०२३ वाचल्याशिवाय एक बॅजही डिझाइन करू नका. पालकांची पडताळलेली संमती आणि मुलांच्या वर्तनावर पाळत ठेवण्याला मनाई, या दोन्ही गोष्टी खेळाच्या मुळालाच हात घालतात.

## टप्पा ७: निम्म्यांनाच द्या, आणि थांबा

सगळ्यांना एकदम दिलंत तर परिणाम कळणारच नाही. पगाराचा आठवडा, दिवाळी, शाळा सुरू होणं, काहीही आकडा हलवू शकतं. चिठ्ठ्या टाकल्यासारखे निम्मे युजर निवडा, त्यांना खेळ द्या, उरलेल्यांना जुनंच अ‍ॅप.

किती युजर लागतील याचा ठोकताळा सांगतो. सध्या आठवड्याने २० टक्के लोक परत येत असतील आणि २२ टक्के झाले का हे खात्रीने बघायचं असेल, तर प्रत्येक गटात सुमारे ६,५०० लोक हवेत. २५ टक्क्यांपर्यंतची मोठी उडी शोधत असाल तर सुमारे १,१०० पुरतात. तुमच्याकडे एकूण ८०० युजर असतील तर दोन टक्क्यांच्या फरकावरून पेढे वाटू नका. तेवढ्या आकड्यात फोनवरच्या दहा गप्पा जास्त सांगतात.

किती दिवस थांबायचं? निदान सहा ते आठ आठवडे. पहिल्या आठवड्यातली वाढ नव्या नवलाईची असते, ती धरूच नका. पहिल्या आठवड्यातला दोन गटांमधला फरक आणि सहाव्या आठवड्यातला फरक शेजारी मांडा. तो आटत चालला असेल तर कोणत्या दिशेने चाललंय ते समजून घ्या.

मोजायचं काय?

- मुख्य आकडा: टप्पा २ मधली कृती किती जणांनी केली. अ‍ॅप किती जणांनी उघडलं, हे बाजूला राहू द्या. स्ट्रीक लावली की उघडणं वाढतंच, त्याचं कौतुक नको.
- दर्जा: नोंदी खऱ्या आहेत का? ₹१ च्या नोंदींचं प्रमाण वाढलं का?
- नुकसान: नोटिफिकेशन बंद करणारे, अ‍ॅप काढून टाकणारे, आणि खास करून स्ट्रीक तुटल्यावर आठवड्याभरात न परतलेले. हा शेवटचा आकडा बहुतेक टीम काढतच नाहीत, आणि खरी कहाणी त्यातच असते.

इशारा: बॅज मिळालेले लोक आणि न मिळालेले लोक यांची तुलना करून ‘बॅजवाले तिप्पट टिकतात’ अशी स्लाइड बनवू नका. ते तसेही टिकणारेच होते, म्हणून त्यांना बॅज मिळाले. तुलना फक्त चिठ्ठीने पाडलेल्या दोन गटांची.

## टप्पा ८: काढायचं कसं, तेही आताच ठरवा

आठव्या आठवड्यात मुख्य आकडा हलला नसेल तर फीचर काढा. हलला पण दर्जा घसरला असेल तर टप्पा ५ ला परत जा. दोन्ही बरे असतील तर सगळ्यांना द्या, पण शंभरात पाच जणांना कायम खेळाविना ठेवा. वर्षाने तो गट आणि बाकीचे यांच्यात फरक उरला नसेल तर तुम्ही फुकट देखभाल करताय.

काढताना लोकांनी जमवलेलं एका रात्रीत गायब करू नका. महिनाभर आधी अ‍ॅपमध्येच सांगा. पॉइंटांच्या बदल्यात काही देण्याचं कबूल केलं असेल तर ते आधी फेडा, शेवटची तारीख ठळक लिहा. मिळालेले बॅज प्रोफाइलमध्ये कोपऱ्यात राहू द्या, फक्त नवे देणं थांबवा. सपोर्टवर बसणाऱ्यांना उत्तराचा मजकूर आदल्या आठवड्यात द्या. आणि ज्यांची स्ट्रीक सगळ्यात लांब होती अशा पन्नास जणांना स्वतः फोन करा. त्यांतले किती जण स्ट्रीक गेल्यावरही रात्री नऊला वही लिहितायत, ते त्याच फोनवर विचारून घ्या. पुढचं काय बांधायचं ते ठरवायला तोच आकडा लागणार आहे.